आज ड्राय

गोंदियाहून निघालेली गाडी कोल्हापूरला संपते. मी इतक्या लांब का आले असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगते, की गाडी याच्यापुढं जात नव्हती. लोक हसतात. पण त्यात बरंचसं खरं आहे. सगळा महाराष्ट्र आडवा कापत येताना मी अर्धा वेळ रडत होते आणि उरलेला वेळ झोपेत होते. शेवटी समोरच्या बाकावरच्या बाईनं मला हलवलं, "अवो ताई, उठा की, गाडी आता धुवायला न्हेत्यात." अशी मी कोल्हापुरात उतरले.

आत्या इथल्या एका दवाखान्यात आयाचं काम करायची. मी आठवीतून शाळा सोडलेली. त्यानंतर धानाची रोवणी आणि कापणी, याशिवाय काही केलेलं नाही. आत्या फोनवर म्हणाली होती, "ये, इथं माणसं लागतात." कशाला लागतात ते तिनं मी आल्यावर सांगितलं. बारमध्ये.

मी होते तिथंच फरशीवर बसले. आत्या म्हणाली, "अवं, तसला नाही. वाईन बार आहे. बायाबापड्या जेवायला येतात."

बायाबापड्या येत नव्हत्या, हे मला नंतर कळलं. तसला नाही, हे मात्र खरं निघालं. राजारामपुरीच्या आतल्या गल्लीत एक छोटं हॉटेल, पुढं थोडीशी टेबलं, मागं स्वयंपाकघर आणि एका भिंतीला आडव्या निजवलेल्या बाटल्या. आईला मी अजून 'खानावळ' असंच सांगते. तेही खोटं नाही. लोक खातातच की.

मला फरक कळत नव्हता, पण कोल्हापूरलाही तो कुठं कळत होता? इथं सगळ्या दारूच्या दुकानांवर 'वाईन शॉप' लिहिलेलं. त्यामुळं नवीन गिऱ्हाईक यायचं, खुर्ची करकरत ओढायचं आणि ओरडायचं, "एक क्वार्टर आण आणि चकणा काय हाय?"

मालक हात जोडून सांगायचे, "क्वार्टर न्हाय पावणं. आमच्यात फकस्त वाईन."

"हां, मग वाईनच दे की. व्हिस्की कुठली हाय?"

मालक नाशिककडं कुठल्याशा द्राक्षबागेत वाईनचं शिक्षण घेऊन आले होते. तिथून त्यांनी पुष्कळ काही शिकून आणलं असेल, पण आमच्या वाट्याला एकच शब्द आला. ड्राय. गोड नसलेल्या वाईनला ड्राय म्हणतात. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून म्हणालं, "आंबट हाय की ओ," तर मालक म्हणत, "आंबट न्हवं, ड्राय." "तुरट लागतंय." "ड्राय." "घसा धरला राव." "त्येच त्ये, ड्राय." एकदा एका पावण्यानं ग्लासात सोडा ओतला, बर्फ टाकला, वरून लिंबू पिळलं. मालक स्वयंपाकघरात येऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

वैनी म्हणाल्या, "रडताय व्हय?"

"न्हाय. कांदा."

"कांदा मी अजून चिरलेला न्हाय."

वैनी म्हणजे मालकांची बायको. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, अख्खा मसूर, सगळं त्यांच्या हातचं. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "तू भाकरी थाप, मी आलो." मी दाराकडं बघत राहिले, कोण आलो म्हणून. इथल्या बायका मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच बोलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पण मग कधीकधी 'मी आलो' म्हणायला लागले, तर वैनी हसून हसून ओट्याला टेकल्या. माझं 'आलो' म्हणे इथलं वाटत नाही. त्यात शेवटी 'जी' असतं. आमच्याकडं प्रत्येक वाक्याला 'जी' लागतं, न लावून बोललं तर भांडायला आल्यासारखं वाटतं. इथं उलटं. इथं प्रेमानं बोलले तरी मला भांडण चालू आहे असं वाटायचं आणि मी दाराआड जाऊन उभी राहायची.

माझं नाव त्यांनी दोनेक आठवड्यांत सोडून दिलं. "ए गोंदिया, पाणी दे." "गोंदियाला विचार." आणि मी दर गोष्टीला "उपकार झाले जी" म्हणायची. चहा दिला, उपकार. साडी दिली, उपकार. आत्या म्हातारपणामुळं काम सोडून गावाकडं परत गेली आणि मालकांनी मला हॉटेलच्या वरची खोली दिली, तेव्हा तर मी खाली वाकून पायाच पडले. मालक एकदम मागं सरकले आणि त्यांचा पाय कोळशाच्या बादलीत गेला. तेव्हापासून मी वाकले की ते आधी मागं बघतात.

या सगळ्यावर आबांची सावली होती. आबा म्हणजे मालकांचे वडील. पेठ वडगावच्या बाजूला ऊस आणि म्हशी. हॉटेलचा गाळा त्यांचा, वरची माझी खोलीही त्यांचीच. मुलानं त्यांना सांगितलं होतं, 'हॉटेल काढतोय.' बाटल्यांचं बोलायचं राहून गेलं होतं. ते कुणीतरी दूध डेअरीवर त्यांच्या कानावर घातलं. फोन आला. फोन मालकांच्या कानाला होता, पण आबांचं बोलणं मला भाकरीच्या परातीपर्यंत ऐकू आलं.

"बार काढलायस व्हय रं माझ्या जागंत? मी गुरुवारी डोळं दाखवाय येणार हाय. तवा बघतो. न्हाय पटलं तर गाळा मोबाईलवाल्याला देऊन टाकतो. त्यो मागं लागलाय कवापासनं."

मोबाईलच्या दुकानात भाकऱ्या थापायला बाई लागत नाही. मला रात्रभर ती गोंदियाची गाडी दिसत राहिली. गावात मला काम नव्हतं असं नाही, पण गावात मी म्हणजे शाळा सोडलेली, काही न झालेली. इथं निदान मी गोंदिया तरी होते.

गुरुवारी मालकांनी ठरवलं, आबांना पटवायचंच. नाशिकची नवी लाल वाईन आली होती. सगळ्यात भारी, सगळ्यात ड्राय. दारावर घोडीवर ठेवलेला एक काळा फळा होता, त्यावर रोज खडूनं आजचं खास लिहायचो. लिहायची मी. मालकांचं अक्षर असं, की त्यांनी लिहिलेलं 'पांढरा रस्सा' एका गिऱ्हाईकानं 'पाहुणा हसला' असं वाचलं होतं. माझं अक्षर सुवाच्य. शाळेतून माझ्याबरोबर तेवढंच आलं.

"लिही," मालक म्हणाले. "वर 'आज'. खाली मोठ्या अक्षरात 'ड्राय रेड'."

मी लिहिलं. रेड म्हणजे लाल हे मला माहीत होतं. वैनी हात पुसत बाहेर आल्या, फळा बघितला आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"रेड काय लिवताय? पोलिसांची रेड पडली वाटंल की लोकांना! आणि आज आबा येणार. पुसा त्ये आदी."

मालकांना पटलं. मलाही पटलं. माझ्या तर अंगावर काटाच आला. मी पदराच्या टोकानं 'रेड' पुसलं. मग खाली जागा रिकामी दिसायला लागली म्हणून 'ड्राय' आणखी ठळक केलं आणि दोन्ही बाजूंनी द्राक्षाचे घड काढले. ते घड नंतर लोकांना फुलांचे हार वाटले, म्हणजे कुणीतरी मोठं माणूस गेलं असणार.

आम्ही तिघं मागं सरून फळ्याकडं बघत उभे राहिलो. आज ड्राय. छान दिसत होतं. वर्षभर तो शब्द आमच्या कानांत इतका ओतला गेला होता, की सरकार ज्या दिवशी दारू बंद ठेवतं त्यालाही सगळं जग ड्राय म्हणतं, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळ झाली. आमचे नेहमीचे पावणे यायचे, फळ्यापाशी थबकायचे, वाचायचे आणि मान हलवत परत जायचे. "आज कसला हो? निवडणूक लागली काय?" "न्हाय न्हाय, पुण्यतिथी असंल कुणाची तरी." मी आतून बघत होते. मला वाटलं, आबा येणार हे सगळ्या गल्लीला कळलंय आणि लोक घाबरून पळतायत.

मग मालकांचा फोन वाजला. कोपऱ्यावरच्या परमिट रूमचा मॅनेजर होता. "काय ओ, आज ड्राय डे हाय आणि तुम्ही आमाला बोलला न्हाईसा? तुमच्या फळ्याचं ऐकलं तवा कुठं शटर निम्मं खाली घेतलंय!"

"ड्राय डे? न्हाय बा," मालक म्हणाले. "कोण म्हणालं?"

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू दारात आल्या. या काकू वर्षभर आमच्या दारावरून जाताना पलीकडच्या फुटपाथवर जायच्या आणि नाकाला पदर लावायच्या, आमच्याकडं मटण शिजत असलं तरीही. त्यांच्यामागं काका, दोन सुना, मुलगे, नातवंडं.

"आज पिणारी न्हाईत न्हवं कोण?" काकूंनी आत डोकावून विचारलं. "मग आज येतो आमी. वर्ष झालं वास घेतोय तुमच्या रश्श्याचा. पर म्हटलं, बारमध्ये कसं जायाचं?"

त्या आत शिरल्या. त्यांचं बघून शेजारच्या घरातले आले. मागच्या गल्लीतलं एक जैन कुटुंब आलं, कांदा-लसूण नसलेलं काही मिळेल का म्हणून. वैनींनी त्यांच्यासाठी वेगळी कढई चढवली. बघता बघता एक खुर्ची रिकामी राहिली नाही. मुलं टेबलाखालून पळत होती. त्या हॉटेलात मी लहान मुलाचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

मालक मात्र सरळ बाहेर गेले. फळ्यासमोर उभे राहिले. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी फळा पुसायला बाही ओढली, तशी वैनींनी मागून येऊन त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नगा! अर्ध्या ताटावरनं उठतील सगळी!"

"अगं, पर आबा येतील आता. वाईन दाखवायची हाय त्यास्नी!"

"बाटली उघडलासा की काकू आपल्या दारात उपोषणाला बसतील. ऱ्हाऊ दे."

मी मध्येच म्हणाले, "अक्षर माझं आहे जी. माझंच चुकलं." मला वाटलं, गाडीचं तिकीट आता हेच काढून देतील. वैनी माझ्याकडं वळल्या. "तुझं अक्षर चांगलं हाय, त्येच चुकलं. ह्यांनी लिवलं असतं तर कुणालाच वाचाय आलं नसतं. जा, भाकऱ्या बघ."

आणि आबा आले. रिक्षातून उतरले, दार धरून उभे राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरनं थेंब घातल्यामुळं त्यांना सगळं धूसर दिसत होतं. फळ्यापाशी वाकून त्यांनी मलाच विचारलं, "काय लिवलंय गं पोरी?"

"आज ड्राय, जी."

आबा मोठ्यांदा हसले. "घाबरला व्हय रं मला? बापाला भिऊन दुकान बंद?" मालकांनी त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. आबांनी डोळे बारीक करून भरलेलं हॉटेल बघितलं. बायका, मुलं, ताटांचा आवाज. मग मुलाला जवळ ओढून, त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणाले, "गर्दी झ्याक हाय. पर मी त्ये तुझं लाल पाणी बघाय आलोय. चाखल्याबिगर मी निकाल देत नसतोय. नुसतं जेवायचं असतं तर म्हातारी काय मला घरी उपाशी ठेवती व्हय?"

मालक घामाघूम होऊन स्वयंपाकघरात आले. वैनींनी क्षणभर विचार केला. मग एक रश्श्याची स्टीलची वाटी घेतली, बाटलीतली वाईन तिच्यात काठोकाठ ओतली आणि आबांच्या ताटात ठेवली. सुकं मटण, भाकरी, पांढऱ्या रश्श्याची वाटी आणि तिच्या शेजारी ही. लांबून बघितलं तर तांबडा रस्सा. फक्त वर तर्री नव्हती.

"गोंदिया, ह्ये न्हेऊन ठेव. आणि कानात सांग त्यास्नी, की घोट घोट प्या."

आता मला सांगा, भरल्या हॉटेलात, काकूंच्या शेजारच्या टेबलावर, मालकांच्या वडिलांच्या कानाला मी तोंड कसं लावणार? मी ताट ठेवलं, दोन हात लांबून वाकले आणि म्हणाले, "हे ते आहे जी."

"कुठलं?"

"ते, जी."

"त्येच की," आबा म्हणाले. त्यांनी भाकरी उचलली, दोन्ही हातांनी कुस्करली आणि सगळीच्या सगळी त्या वाटीत चुरली. बोटांनी दाबून दाबून भिजवली. मालक दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांच्या घशातून एक आवाज आला, बाटलीचं बूच निघताना येतो तसा.

आबांनी मोठा घास घेतला. चावला. थांबले.

"रस्सा बिघडलाय!" सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. "मीठ न्हाय, तिखट न्हाय. आंबलाय पार!"

"न्हाय ओ, आमचा तर लई भारी हाय," काकू शेजारून म्हणाल्या आणि चमचा घेऊन उठल्याच. "बघू तुमचा. मी चाखतो."

काकूंचा चमचा वाटीकडं निघाला. मालक हलेनात. वैनी आत. मला त्या चमच्याच्या टोकाला गोंदियाची गाडी उभी दिसली. मी आयुष्यात कुणाच्या मध्ये बोलले नाही, पण त्या दिवशी माझं तोंड आपोआप उघडलं.

"काकू, तो पथ्याचा आहे जी! डोळ्यांत थेंब घातलेत ना आबांच्या. तिखट-मीठ बंद आहे."

चमचा हवेत थांबला. "पथ्याचा व्हय," काकू म्हणाल्या. "तरीच." आणि बसल्या.

आबा अजून चावत होते. हळूहळू. त्यांनी वाटी नाकाजवळ नेली. मग मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी त्या बघण्यात काही कमी नव्हतं.

"पथ्याचा," आबा सावकाश म्हणाले. "हां. मग डॉक्टरनं सांगितलंय तर खायाच पायजे." त्यांनी वाटी शेवटच्या कणापर्यंत पुसून खाल्ली. अन्न टाकणारे नव्हतेच ते. मग वाटी माझ्यापुढं धरली. "आण की जरा अजून. भाकरी नको आता. नुसताच."

दुसऱ्या वाटीनंतर आबा काकांशी उसाबद्दल बोलायला लागले. तिसऱ्या वाटीनंतर म्हशींबद्दल, आणि एका म्हशीचं वर्णन करताना त्यांचा आवाज भरून आला. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांचं बी मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय पुढच्या महिन्यात. त्यो रस्सा कसा करायचा गं? काय काय घालत्यात?"

मालक मागून म्हणाले, "लई ड्राय असतोय त्यो, काकू." वैनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

लोक जेवून उठायला लागले. जाताना काकूंनी दारात विचारलं, "पुढच्या गुरुवारी बी हाय काय ड्राय?"

मालकांनी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वैनी म्हणाल्या, "हाय. दर गुरुवारी असतोय आमच्यात."

रिक्षा आली. आबांना धरून आम्ही तिघं बाहेर गेलो. मालकांना राहवेना. "आबा, गाळ्याचं काय मग?"

"गाळ्याला काय झालंय? गळाय लागलाय व्हय?"

"तसं न्हाय. मोबाईलवाला…"

"त्येच्या दुकानात काय जेवाय मिळणार हाय मला?" आबा रिक्षात टेकले. "त्या बाईला शब्द दिलासा न्हवं? गुरुवारी बाटलीला हात लावायचा न्हाय. बाकीचं दिवस तुझं काय त्ये आंबवलेलं ईक जा. आणि आंबटच हाय त्ये, ड्राय-बिय काय न्हाय."

मालक ऐकत होते आणि त्यांचा चेहरा एकाच वेळी हसत आणि दुखावत होता. वैनींनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "कांदा."

आबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "जरा त्यो पथ्याचा बांधून दे. म्हातारीचं गुडघं दुखत्यात."

मी आत पळाले. पार्सलचा रस्सा बांधतात तशी प्लॅस्टिकची पिशवी घेतली, तिच्यात वाईन ओतली, वर घट्ट गाठ मारली. पिशवी आबांच्या हातात देताना मला भरून आलं. खोली राहिली, भाकऱ्या राहिल्या, माझं इथलं नाव राहिलं. मी पायाला हात लावायला वाकले. मालक सवयीनं मागं सरकले.

"लई उपकार झाले जी, आबा," मी म्हणाले.

"माझं कशाचं उपकार?" आबा म्हणाले. "भर बाजारात म्हाताऱ्या माणसाला भाकरीसंगं दारू चारलीस आणि वर पथ्य म्हणून सांगितलंस. जा, आत जा, भांडी पडल्यात."

रिक्षा सुरू झाली. ती वळेपर्यंत मला आबा दिसत होते, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी सरळ धरून, खड्डा आला की ती उंच उचलत.